हत्तीगोट्याची वाट

नुसतं चालायचं म्हणून कुणी डोंगर चढतं, ही गोष्ट पिपरटोल्यात आधी कुणाला खरीच वाटेना. पौषातल्या एका सकाळी जंगल खात्याचा दरोगा मुन्नालाल घोड्यावरून गावात आला आणि चावडीपुढे उभा राहून त्याने सांगितलं, की भंडाऱ्याचा मोठा साहेब चैत्रात दरेकशाला रेल्वेतून उतरणार, मडमेला घेऊन पायी हत्तीगोट्याचा डोंगर चढणार आणि अलीकडे उतरून पिपरटोल्याच्या तलावाकाठी तंबूत राहणार.

"डोंगरावर कायले जाते साहेब?" कुणीतरी विचारलं.

"देखने."

"काय देखने?"

"पत्थर," मुन्नालाल म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्यालाही ते जरा विचित्र वाटलं असावं, कारण त्याने उगाच घोड्याचा लगाम ओढला.

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "डोंगरात गोटे असतात, हे पाहाले रेल्वेत बसून यावं लागते काय गा त्यायले?" असं जी मोठ्याने म्हणाली ती अनुसयाबाई, उदाराम कोहळ्याची बायको. तिच्या तोंडाला गावात कुणी लागत नसे.

हसणं सोपं होतं, पण डोंगर काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गाव आणि दरेकशाचं स्टेशन यांच्या मधोमध तो आडवा पडलेला. अंगभर बांबू, ऐन आणि मोह, आणि माथ्यावर एकावर एक रचलेले काळे खडक. त्यांतला सगळ्यात मोठा तो हत्तीगोटा. स्टेशन डोंगराच्या पलीकडच्या पायथ्यालाच, पण तिथल्या बाजाराला जायचं तर डोंगराला वळसा घालून अर्धा दिवस चालावं लागे. ते चालणं बायकांच्या वाट्याचं. मोहफुलं, लाख, गवत, जे काही विकायचं ते डोक्यावर घ्यायचं आणि सूर्य डोक्यावर येईपर्यंत पाय ओढायचे. सरळ डोंगरावरून जाणारे दोन-चार धाडसी पुरुष होते, पण तेही रिकाम्या हाताने, खडकांना चिकटत.

"वाट पाहिजे," मुन्नालाल म्हणाला. "मडम साहेब चालू शकली पाहिजे अशी. गाव में कोई है मिट्टी-पत्थर का काम जाननेवाला?"

यावर सगळे गप्प झाले. गप्प होण्यासारखंच होतं, कारण असं काम जाणणारा माणूस गावात होता आणि तो तिथेच मागे लिंबाला टेकून उभा होता.

आता हे सांगायला हवं. कोहळी म्हणजे तलाव बांधणारे लोक. या मुलखात जिथे धान पिकतं तिथे वरच्या अंगाला तलाव असतो, आणि त्या तलावाची पाळ, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध, कुण्या कोहळ्याच्या हातची असते. उदारामच्या आज्याने तीन तलाव बांधले, बापाने पाच. पिपरटोल्याच्या तलावाची पाळ उदारामने स्वतः नव्याने बांधली आणि तेव्हा तो असा छाती काढून चालायचा की अनुसयाबाईने त्याला दृष्ट लागेल म्हणून सांगितलं होतं. मग सात वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात ती पाळ फुटली. माणूस कुणी गेलं नाही, पण चौदा घरांच्या बांध्यांवर, धानाच्या शेतांवर, रेती पसरली. पाळीच्या अगदी पायथ्याशी शांतीबाईची बांधी होती. तिचा नवरा दुधराम दोन वर्षं रेती उपसत राहिला, मग कंटाळून आसामला चहाच्या मळ्यात कामाला गेला, तो परतलाच नाही.

"खेकड्यानं पोखरली पाळ," उदाराम तेव्हा म्हणाला होता, आणि अजूनही तेच म्हणत होता. खेकडे पाळ पोखरतात हे खरंच आहे, त्यामुळे कुणी त्याला खोटं पाडलं नाही. पण गावच्या जमीनदाराने, मालगुजाराने, पाळ पुन्हा बांधायला दुसऱ्या गावचे लोक आणले. घरात कोहळी असताना बाहेरून माणसं! ते दोन महिने उदाराम तलावाकडे पाठ करून बसला. गावाने त्याला वाळीत टाकलं नव्हतं, लग्नाकार्याला बोलावत होते, पण बांधकामाच्या गोष्टी निघाल्या की त्याच्याकडे कुणी बघत नसे. मला विचाराल तर वाळीत टाकलेलं बरं. आणि शांतीबाई तर सात वर्षांत त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"मी करतो," लिंबाखालून उदाराम म्हणाला.

मुन्नालालला या गावचा इतिहास ठाऊक नव्हता. त्याने लगेच मान हलवली. ही वाट बिघडली तर आपल्याला पुन्हा कुणी काहीच बांधू देणार नाही हे उदारामला मात्र पक्कं माहीत होतं. वय पन्नाशीला आलेलं. दुसरी संधी मिळाली तीच पुष्कळ, तिसरी मिळायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी कामाला एकही पुरुष आला नाही. कुणाचा बैल आजारी, कुणाची कंबर धरलेली. अनुसयाबाईने हे पाहिलं आणि ती घरोघर फिरली. "वाट साहेबाच्या नावाची असन," ती बायकांना सांगत होती, "पन साहेब येईन एक डाव आन् जाईन. पाय आपलेच चालनार हायेत." हे बायकांना पटलं. पंधरा-सोळा जणी कुदळ-टोपल्या घेऊन आल्या आणि त्यांत शांतीबाईही होती.

"त्यायले सांग," ती उदारामकडे न बघता अनुसयाबाईला म्हणाली, "मी वाटेसाठी आलो. त्यायच्यासाठी नाई."

उदाराम दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याला ऐकू गेलं. त्याने फक्त मान डोलावली.

मुन्नालालने खालपासून वरपर्यंत सुतळी ताणून ठेवली होती, अगदी सरळ, आणि तिच्या बाजूने दगडी पायऱ्या करायच्या असं त्याचं म्हणणं होतं. उदारामने ती सुतळी पाहिली, डोंगर पाहिला आणि सुतळी गुंडाळून त्याच्या हातात दिली.

"या वाटेनं बकरा जाईन, दरोगासाहेब. मानूस नाई."

"फिर कैसे करोगे?"

"बाया सांगतीन."

मुन्नालालला वाटलं हा थट्टा करतोय. थट्टा नव्हती. पाळ बांधताना माती वाहतात त्या बायका. पाळ जसजशी उंच होते तसतसा मातीची टोपली घेऊन चढायचा उतार वाढतो, आणि तो जरा जास्त झाला की दुपारपर्यंत बायका थकतात, काम बसतं. म्हणून जुन्या कोहळ्यांची एक रीत होती. भरली टोपली डोक्यावर घेऊन एक बाई पुढे चालायची आणि सारखी बोलत राहायची. जिथे तिचं बोलणं तुटलं तिथे उतार चुकला असं समजायचं आणि वाट वळवायची. दोरी, फळी, काही लागत नसे.

आता या कामाला बाई हवी दमाची आणि बोलकी. दोन्हींत शांतीबाईच्या तोडीची दुसरी नव्हती. तिने डोक्यावर टोपली घेतली, अनुसयाबाई बरोबर निघाली आणि बोलायला सुरुवात झाली. विषय अर्थातच एक.

"तुह्या मानसानं पाळ बांधली ना बाई, तं पानी थांबलं भाद्रपदापर्यंत. मोठं नाव. खेकड्यायनं पोखरली म्हने. एवढे खेकडे आले तरी कोठून? हाट होता काय खेकड्यायचा? आन् छाती कशी काढून चालून राहिले होते, जसा समुद्रच बांधला..."

मागून राखेचं टोपलं घेऊन उदाराम येत होता. ती चढत होती आणि त्याचा उद्धार करत होती. तिचा श्वास अडकला, शब्द तुटला की तो तिथे मूठभर राख टाकायचा आणि हाताने खूण करायचा, डावीकडे. ती डावीकडे वळायची आणि शिवी जिथे तुटली तिथून पुढे चालू करायची. असे आठ दिवस गेले. उदारामने सात वर्षांचं एकदम ऐकून घेतलं. त्याला लागत होतं, फार लागत होतं, पण राखेची एकही खूण त्याने चुकवली नाही. रात्री जेवताना अनुसयाबाई म्हणाली, "उद्या दुसऱ्या बाईले सांगतो." तो म्हणाला, "नको. तिच्यासारखा दम कोनाचा नाई."

वरच्या खडकांत मात्र बायकांचा दम आणि उदारामची राख दोन्ही कामाची नव्हती. तिथे बिसराम लागला. बिसराम गोंड, उदारामच्या वयाचा, या डोंगरात वाढलेला. तो पुढे होऊन बोट दाखवत गेला. "सांबराचा माग पाहा दादा. जनावर भुकेलं असो का भ्यालेलं असो, गाभन मादी कदी उभी चढत नाई." त्या मागाने गेलं की खडक जणू आपणहून बाजूला होत. दोन प्रचंड शिळांच्या मधून एक फट निघाली, आत भर दुपारी गार वारा, वर कपारीला मधमाश्यांची पोळी. फटीतून बाहेर आलं की समोर हत्तीगोटा आणि त्याच्या पायाशी सगळा मुलूख. तिकडे दरेकशाचं स्टेशन, आगगाडीचा धूर, बोगद्याचं काळं तोंड. इकडे पिपरटोल्याचा तलाव आणि धानाच्या रिकाम्या बांध्या. बायका पहिल्यांदा तिथे पोचल्या तेव्हा त्यांनी टोपल्या खाली ठेवल्या. ज्या डोंगराला आयुष्यभर वळसे घातले त्याच्या डोक्यावर त्या उभ्या होत्या. "साहेब यवडा काई येडा नाई वो," अनुसयाबाई शेवटी म्हणाली.

माघ संपेपर्यंत दोन्ही बाजूंची वाट झाली. वळणावळणाला डोक्याच्या उंचीचे दगड बसवले, ओझं कुणाच्या मदतीशिवाय टेकवता यावं म्हणून. राहिला होता तो दरेकशाच्या बाजूचा एक तुकडा. हत्तीगोट्याखाली लांबच लांब गुळगुळीत कातळ आहे, त्याच्या पायथ्याने जाणारी शे-दीडशे पावलांची वाट. खाली उतार भयंकर. उदारामला इथे भीती वाटली. पाऊस आला की कातळावरचं सगळं पाणी या वाटेवर पडणार, आणि ती खचली तर खालची सगळी वळणं घेऊन जाणार.

तेव्हा त्याने काय केलं? कोहळ्याने करावं तेच केलं. वाटेच्या बाहेरच्या कडेला दगडांची रांग रचली, दोन्ही टोकांना उंच पायरी केली, दगडांमागे खालून आणलेली चिकणमाती भरली आणि बायकांकडून ती पायाने तुडवून घेतली. एक थर, दुसरा थर, तिसरा. मुंगी शिरणार नाही असं काम. बिसराम शेजारी उभा राहून बघत होता.

"दादा, वाट करून राहिला का पाळ?"

उदारामने ऐकलं, पण त्याच्या हातांनी ऐकलं नाही. हात सात वर्षं उपाशी होते. हे काम चाललं त्या आठ दिवसांत तो जेवायचं विसरला आणि कितीतरी दिवसांनी अनुसयाबाईने त्याला कामात गुणगुणताना ऐकलं.

फाल्गुनात होळीच्या तीन दिवस आधी दुपारी आभाळ काळं झालं. गारा पडल्या आणि मग तासभर पाऊस कोसळला. अवेळीचा पाऊस, आला तसा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुन्नालाल स्टेशनच्या बाजूने वाट तपासायला चढला आणि थोड्याच वेळाने त्याचं हसणं डोंगरभर ऐकू आलं.

"अरे देखो भाई देखो! कोहली ने पहाड़ पर तालाब बांध दिया!"

खरंच बांधला होता. कातळाखालची ती सगळी वाट गुडघाभर पाण्याने तुडुंब भरली होती, लांब, अरुंद, स्वच्छ. तिच्यात आभाळ दिसत होतं. कहर म्हणजे एक बगळासुद्धा येऊन काठावर उभा होता, डोंगराच्या खांद्यावर! जन्मभर पाणी अडवणाऱ्या माणसाने वाट करायला घेतली आणि तिच्यातही पाणी अडवलं. बातमी गावात गेली. जे पुरुष एक दिवस कामाला आले नव्हते ते सगळे तमाशा बघायला मात्र धावत आले. कुणाचा बैल बरा झाला होता, कुणाची कंबर.

उदाराम आला. त्याने लोकांकडे पाहिलं नाही. तो कडेवरून खाली उतरला आणि दगडांच्या रांगेला बाहेरून हात लावत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. कोरडी. एवढं पाणी पोटात घेऊन त्याची पाळ बाहेरून ठणठणीत कोरडी होती. एक थेंब पाझरला नव्हता. त्या हसणाऱ्या लोकांच्या देखत त्या माणसाला एवढा आनंद झाला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला दोष देणार नाही. सात वर्षांनी त्याच्या हाताने पाणी धरलं होतं.

"दादा," बिसराम वरून म्हणाला, "मावळतीकडे पाहा."

मावळतीला पुन्हा ढग जमत होते. आणखी एक पाऊस आला की पाणी कडेवरून जाणार, कड तुटणार, आणि दीड-दोन महिन्यांची सगळी वळणं खाली दरीत जाणार. हे सगळ्यांना दिसलं. हसणं थांबलं.

"फोड दो इसको, अभी के अभी," मुन्नालाल म्हणाला.

अनुसयाबाईने कुदळ आणून नवऱ्याच्या हातात दिली. त्याने ती घेतली, उचलली आणि तशीच खाली टेकवली. त्याच्याने होईना. जन्मात पहिल्यांदा अशी पाळ साधली होती, आणि ती आपल्या हाताने फोडायची! तो तसाच उभा राहिला. लोक त्याच्या तोंडाकडे बघत होते. आणि मग तो बोलायला लागला, आधी अगदी हळू.

"खेकड्यायनं नाई पोखरली," तो म्हणाला.

"काय म्हनता?" अनुसयाबाई म्हणाली.

"गावची पाळ. सात वर्साआंधी. खेकड्यायनं नाई पोखरली. मी सांडवा उंच ठेवला होता." सांडवा म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी निघून जायला ठेवलेली वाट, हे तिथे कुणाला समजवायची गरज नव्हती. "बापानं जेथं सांगितला होता, त्याच्याहून हातभर उंच. बापाच्या तलावापेक्षा माह्या तलावात पानी जास्त दिसावं म्हनून. पाळ चांगली होती. मीच तिले पानी सोडू देल्लं नाई."

एवढं बोलून त्याने लोकांकडे पाहिलं, मग शांतीबाईकडे. सगळा गाव तिच्याकडे बघत होता. उदारामला वाटलं, आता ही आठ दिवस बोलली त्याहून जास्त बोलेल, आणि बोललीच पाहिजे.

 शांतीबाईच्या चेहऱ्यावर राग होता आणि रागापेक्षा मोठं काहीतरी होतं, जे सात वर्षं खेकड्यांवर काढता येत नव्हतं. मग ती अनुसयाबाईला म्हणाली, उदारामला नाही, "माहा मानूस यानं वापस येनार नाई."

"नाई येनार वो," अनुसयाबाई म्हणाली.

"त्यायले विचार, सांडवा कोठी पाडाचा. ढग येऊन राहिले."

उदाराम हलला. त्याने डोळे पुसले आणि कडेने चालत दूरच्या टोकाला गेला. तिथे खाली माती नव्हती, उघडा खडक होता; पाणी पडलं तरी वळणांना धक्का लागणार नव्हता. "येथी," तो म्हणाला. "आंधी वीतभर. एकदम नाई." पहिला घाव त्याने स्वतः घातला. त्याच्या तोंडून असा आवाज आला की जणू पायावरच घातला. मग शांतीबाईने कुदळ घेतली, मग इतर बायका, आणि शेवटी पुरुषही बाह्या सावरून पुढे झाले. पाणी वीतभर खाचेतून वाहायला लागलं, खडकावरून शहाण्यासारखं घरंगळत गेलं. दुपारचा पाऊस आला तेव्हा वाटेत घोटाभरच पाणी उरलं होतं. लोक हत्तीगोट्याच्या आडोशाला उभे राहून बघत होते. पाऊस पडत होता, पाणी येत होतं आणि जात होतं. वाट जागच्या जागी होती.

पुढचे पंधरा दिवस गावातल्या सगळ्या कंबरा बऱ्या होत्या. उदारामने तो तुकडा उकलून नव्याने केला. वाट बाहेरच्या अंगाला किंचित कलती, दर वीस पावलांवर आडवी दगडी खाच, पाणी आलं की तिथल्या तिथे बाहेर. प्रत्येक खाचेखाली सपाट दगड, पाण्याने माती खणू नये म्हणून. पुरुषांपैकी एकजण पहिल्या दिवशी दबकत म्हणाला, "काका, कोठून लागू?" आणि उदारामने त्याला सगळ्यात जड दगड उचलायला लावले. एवढा हक्क त्याचा होताच.

चैत्रात साहेब आला. मोहफुलांचे दिवस होते, सगळ्या डोंगराला तो गोड, डोकं चढवणारा वास येत होता. साहेबाच्या हातात काठी, मडमेच्या डोक्यावर भली मोठी टोपी, पुढे मुन्नालाल, मागे सामान घेतलेले गडी. उदाराम आणि बिसराम अगदी शेवटी. वाटेत एखादा दगड हलला तर हाताशी असावेत म्हणून मुन्नालालने त्यांना बरोबर घेतलं होतं. साहेब थांबला नाही, मडमही थांबली नाही. दोघं आपापसांत बोलत चढत होते आणि त्यांचं बोलणं कुठेही तुटत नव्हतं. मागून चालणाऱ्या उदारामला त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण त्याने त्याहून गोड भाषा कधी ऐकली नव्हती.

कातळाखालच्या वाटेवर मात्र साहेब थबकला. वाकून त्याने काठीने एका खाचेवर टकटक केलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, हे काय आहे.

मुन्नालालला ठाऊक नव्हतं. "हुजूर, शोभा के लिए," तो म्हणाला.

तेवढ्यात वरून बायकांची रांग आली, मोहफुलांच्या टोपल्या घेऊन बाजाराला निघालेली. पुढे शांतीबाई. वाट अरुंद, आणि साहेब मधोमध. डोक्यावर ओझं असलेल्याला रिकाम्याने वाट द्यायची ही आमच्याकडची रीत आहे, मग समोर कुणी का असेना. शांतीबाई उभी राहिली आणि म्हणाली, "बाजूले व्हा साहेब. ओझं हाय."

मुन्नालालचं तोंड पांढरं पडलं. साहेब मात्र हसला, कातळाला पाठ लावून उभा राहिला आणि त्याने टोपीसुद्धा उचलली. बायका एकेक करून पुढे गेल्या. मग त्याने मुन्नालालकडे वळून विचारलं, ही वाट बनवली कुणी?

"हुजूर, सब हमारी निगरानी में... गांव का एक आदमी था, मिट्टी-वट्टी का काम करता है."

शांतीबाई दहा पावलं खाली गेली होती. ती थांबली. डोक्यावरची टोपली एका हाताने सावरत मागे वळली.

"एक आदमी कायले?" तिचा आवाज त्या कातळावर आदळून सगळ्यांच्या कानावर आला. "कोहळी हाय तो. आमच्या गावचा कोहळी." आणि मग तिने सरळ उदारामकडे पाहिलं. "काकाजी, मांगं काऊन उभे राहिले? पुढं या आन् सांगा त्यायले."

सात वर्षांत ती त्याच्याशी बोललेले हे पहिले शब्द.  बिसरामने पाठीला हात लावून त्याला पुढे ढकललं. गडी बाजूला झाले, मुन्नालाल बाजूला झाला, आणि उदाराम कोहळी साहेबासमोर जाऊन ताठ उभा राहिला. त्याने खाच दाखवली, पाणी कुठून येतं ते दाखवलं, कुठे जातं ते दाखवलं. साहेबाला त्याची बोली किती कळली देव जाणे. उदाराम बोलत राहिला, आणि तो एवढा वेळ बोलला की मडम शेवटी ओझ्याच्या दगडावर टोपी ठेवून खाली बसली.